पाण्याची वेळ चुकली तो मार्गशीर्ष

मार्गशीर्ष लागला की आमच्या विचुंब्यात मासळीवाल्यांचा आवाज उतरतो. एरवी सकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी पापलेटावरून जी हुज्जत चालते ती बंद होते, आणि त्याच जागी पाच फळांचे वाटे, आंब्याचे डहाळे आणि मिटलेली कमळं घेऊन बायका बसतात. सोसायटीतली निम्मी घरं महिनाभर सोवळी होतात, उरलेली निदान गुरुवारपुरती. मग शुक्रवार उजाडतो आणि सगळ्यांना एकदम मासळीची आठवण येते. इतकी, की गुरुवारी हळदीकुंकवाला मऊ आवाजात बोलणाऱ्या बायका शुक्रवारी कोळणीच्या टोपलीपुढे एकमेकींना ढकलतात.

पनवेलची थंडी ती केवढी. पहाटे पंखा एकवर आणायचा, पायाशी चादर ठेवायची, की झाला हिवाळा. पण तेवढ्या गारव्यानेही माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं. सकाळचे सव्वाआठ वाजले की हातातलं काम थांबतं, मग ती पोळी असो की कोड. तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. सवय काही गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटतही नाही.

मी एकटी सॉफ्टवेअर बनवते. हे वाक्य ऐकून जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "म्हणजे कुठल्या कंपनीत?" कुठल्याच नाही. ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत बारा वर्षं काढली, मग एका मार्गशीर्षात राजीनामा दिला आणि बेडरूमच्या खिडकीखाली टेबल टाकलं. नवऱ्याशी, म्हणजे निनादशी, बोली झाली होती. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत माझं स्वतःचं म्हणून काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत नोकरी. तो म्हणाला, "वर्षभर मी विचारणार नाही." आणि खरंच विचारलं नाही त्याने. फक्त रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघून चहात साखर किती टाकायची ते ठरवायचा.

घरी बसलेल्या बाईला काम असतं हे कुणाला पटत नाही. पहिल्या महिन्यातच आमच्या अख्ख्या मजल्याची कुरियरं माझ्याकडे यायला लागली. "तुम्ही असताच ना घरी," हे चारी दारांनी ठरवून टाकलेलं. एकदा मी एका अडेलतट्टू चुकीचा माग काढत दोन तास बसले होते, धागा नुकता हाताला लागला होता, आणि बेल वाजली. समोरच्यांचा मिक्सर आला होता. तो घेतला, सही केली, परत येऊन बसले, तर धागा गायब. त्या मिक्सरवर माझा अजून राग आहे. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर बाईंनी 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मला न विचारताच 'गृहिणी' लिहिलं होतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "ती कॉम्प्युटरवर काहीतरी करत असते." जुना खोकला असावा आणि तो बरा होण्यातला नसावा, तशा सुरात.

नोकरीत असताना काही चांगलं झालं की केक यायचा, फोटो निघायचा. इथे माझं पहिलं अ‍ॅप स्टोअरमध्ये स्वीकारलं गेलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, झालं." त्या म्हणाल्या, "बरं झालं. पानं घ्यायची का मग?" मी हसले आणि पानं घेतली. एकटीने काम करताना आनंद आणि दुःख दोन्ही एकाच घरगुती कपड्यांत येतात, आणि दोन्ही वेळा भाजीला फोडणी द्यायची असतेच.

ते पहिलं अ‍ॅप सपशेल आपटलं. मासळी घरपोच मागवायचं अ‍ॅप होतं ते. आमच्याकडे येणारी कोळीण हिरामावशी हिच्यावरून मला ते सुचलं. हिरामावशी मोऱ्याची, उरणच्या धक्क्याजवळची. साठीची, काटक, डोक्यावर टोपली आणि तोंडात सगळ्या जगाचा हिशेब. चारचौघी मिळून टेंपोने विचुंब्याला येतात. मी तिला पायरीवर बसवून मोठ्या कौतुकाने फोन दाखवला. बायका घरातून बोटाने दाबतील, तुला आधीच कळेल कुणाला काय हवं. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "आनि भाव कुठं करनार त्या?"

"भाव ठरलेलाच असेल ना, मावशी."

"मंग मजा कशात हाय?" मावशी म्हणाली. "तुज्या सोसायटीतली बाई मासा घ्याला येत नाय गो. भांडाला येते. मासा मंग सोबत नेते."

तीन महिने खपून मी जे बनवलं होतं त्याचा निकाल तिने टोपली उचलायच्या आत लावला. तीन आठवडे मी घुश्शात होते. मग एके दिवशी तिनेच पायरीवर बसून, कोळंबी सोलता सोलता, मला खरं काम दिलं. "तुज्या फोनात पानी सांगता येतं का? पानी कवा उतरनार, कवा फिरनार. तेवडं सांग. त्याचा उपेग हाय."

मोऱ्याच्या पलीकडे समुद्रात काही खडक आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात आणि बायका तिथे कालवं फोडायला जातात. बोटीची मासळी पुरुषांची, पण कालवं बायकांची. कोयतीच्या टोकाने शिंपला उचकटायचा आणि आतलं मऊ कालव डब्यात टाकायचं. कंबर मोडणारं काम, आणि सगळं पाण्याच्या मर्जीवर. मी म्हटलं, तुला तर पाण्याची वेळ पाठ असते. हो, तिला होतीच पाठ. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तृतीया असली तर तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, तिथून सहा तासांनी, सव्वाआठला, ओहोटी. मी बारा वर्षं हिशेबाची यंत्रं लिहिली, पण इतका नेटका हिशेब माझ्या हातून कधी झाला नव्हता. मी आ वासून बघत राहिले.

"मग अ‍ॅप कशाला हवंय तुला?"

"मला नको गो. सुनेला. सुनीताला तिथी ठाव नाय, तारीख ठाव हाय."

त्या पावसाळ्यात मी दुसरं काहीच केलं नाही. भरतीओहोटीची छापील कोष्टकं आणली, पंचांग आणलं, मावशीचं डोकं खाल्लं. तिचं माहेर खाडीच्या आत. तिथे पाणी उशिरा पोचतं, चाळीसेक मिनिटांनी. "पानी दर्यातनं चालत येतं तितं," ती म्हणाली, म्हणून मी अ‍ॅपमध्ये दोन जागा ठेवल्या, मोरा आणि खाडी, दोन्हींचा हिशेब वेगळा. नाव ठेवलं 'पाणी किती'. उघडलं की एकच मोठा आकडा दिसायचा, पाणी फिरायला अजून किती मिनिटं. मोठा, कारण उन्हात आणि ओल्या हातांनी वाचायचा होता.

दिवाळीनंतर ते चालायला लागलं. आधी सुनीता आणि तिच्या सहा मैत्रिणी, मग करंजा बंदराकडच्या कुणीतरी, मग गळ टाकून बसणारे मुंबईचे दोन हौशी काका. एका सकाळी एका अनोळखी बाईचा निरोप आला. 'ताई, आता सासऱ्यांना विचारावं लागत नाही.' एवढाच. मी तो निरोप दिवसभरात किती वेळा वाचला ते सांगत नाही, लाज वाटेल. निनादने त्या दिवशी माझ्या चहात साखर जरा जास्तच टाकली. बोली संपायला महिना उरला होता, ऐरोलीच्या जुन्या साहेबांनी परत येण्याचं पत्रही पाठवलं होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की नाही म्हणायची हिंमत आपल्यात येईल.

मग मी आवराआवर केली.

हे ज्यांनी कोड लिहिलेलं नाही त्यांनाही समजेल. पाहुणे येणार म्हणून आपण कपाट आवरतो आणि नेमका हवा तो कागद टाकून देतो, तसंच ते. अ‍ॅप चालत होतं, तक्रार कुणाचीच नव्हती. पण मला ते आतून पसरट दिसायला लागलं. मोऱ्यासाठी एक हिशेब, खाडीसाठी दुसरा, दोन्ही जवळजवळ सारखे. म्हटलं, दोन कशाला, एकच करू. एका दुपारी बसले आणि दोन्हींचा मिळून एक सुटसुटीत हिशेब केला. इतका देखणा दिसत होता की मी खुर्ची मागे सारून त्याच्याकडे बघत बसले. खाडीच्या बाजूने तपासला, बरोबर आला. मोऱ्याच्या बाजूने तपासायचा राहिला. बेल वाजली असेल, मिक्सर आला असेल, आता आठवत नाही. सगळ्यांच्या फोनवर नवं अ‍ॅप गेलं, आणि खाडीचा चाळीस मिनिटांचा उशीर मोऱ्याच्या खडकांनाही लागला.

कंपनीत माझी एक ओळसुद्धा दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे जात नसे. वाचणाऱ्यावर मी किती चिडायचे. शेजारच्या टेबलावरचा तो किरकिऱ्या माणूस, प्रत्येक गोष्टीला "आणि हे दुसऱ्या बाजूने पाहिलंत का?" म्हणणारा. नोकरी सोडली तेव्हा त्याच्यापासून सुटले याचा मला केवढा आनंद झाला होता.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, तृतीया. हिरामावशीचा गुरुवारचा कडक उपास असतो. ती त्या दिवशी टोपली घेत नाही, खडकावरही जात नाही, घट मांडून घरी असते. पण शुक्रवारी विचुंब्याला गिऱ्हाईक तुटून पडणार, म्हणून कालवं गुरुवारीच फोडून ठेवायची. एरवी खडकावर म्होरकी मावशी. तिने 'पानी फिरलं' म्हटलं की हातातलं अर्धं कालवही सोडून उठायचं, कुणी वाद घालायचा नाही, ही त्यांची रीत. गुरुवारी ते काम सुनीताकडे, आणि सुनीताच्या हातात माझं अ‍ॅप.

आमच्याकडेही पूजा होती. सासूबाई कलशाला साडी नेसवत होत्या, मी फळं चिरत होते. दहाच्या सुमारास मावशीचा फोन आला. उपासाच्या दिवशी ती फोन करत नाही, म्हणून मी हात पुसत पुसत घेतला.

"बाय, तुज्या फोनात आज पानी कवा फिरनार होतं?"

मी उघडून वाचलं. "आठ पंचावन्न."

ती म्हणाली, "तिथी काय आज?"

माझ्या सासूबाईंनी नुकतीच संकल्पात तिथी म्हटली होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन. आणि सहा तास. सव्वाआठ. मी विचारलं, "मावशी, काय झालं?" ती म्हणाली, "हायत सगल्या. जित्या हायत," आणि फोन ठेवला.

मी चिरलेली फळं तशीच ठेवून निघाले. सासूबाईंनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. पनवेलहून उरणची बस मिळाली, आणि त्या सगळ्या वाटेवर मी मांडीवर लॅपटॉप उघडून तो देखणा हिशेब पुन्हा दोन भागांत फाडला. प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी तपासत होते. एरवी दहा मिनिटांत झालं असतं ते उरण येईपर्यंत चाललं. शेजारची बाई म्हणाली, "गाडीत काम करू नका, चक्कर येते." मी हो म्हटलं आणि करत राहिले.

त्या खडकांचं असं आहे की ते उंच आहेत, पण त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक खोलगट पट्टा आहे. पाणी फिरलं की आधी तो पट्टा भरतो. खडकावर बसलेल्याला पाय कोरडे दिसतात, आणि पाठीमागची वाट गेलेली असते. सातजणी परत निघाल्या तेव्हा त्या पट्ट्यात छातीएवढं पाणी होतं. डबे सोडले, कोयत्या सोडल्या, हातात हात धरून साखळी केली आणि आल्या. सगळ्यांत बुटकी होती तिला मधे घेतलं. सुनीता शेवटी. तिची चप्पल गेली आणि शिंपल्यांनी तळपाय उभा कापला.

मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पायाला टाके, अंगावर दोन चादरी. मावशी घटासमोर, पाठ करून. मी दारातच उभी राहिले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "परवा मी हिशेब बदलला. तपासला नाही."

सुनीता म्हणाली, "ताई, मला आवाज कळला होता. पाणी फिरताना खडकाजवळ एकदम गप्प होतं, तसं झालं होतं. मी उठले पन होते. मग फोन बघितला, तर अजून चाळीस मिनिटं हायत बोलला. म्हटलं, फोन खोटं कशाला बोलंल. बसले परत." आणि मग, जणू तिचंच काही चुकलं असावं तसं, "शुक्रवारची घाई होती ना."

कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने स्वतःच्या कानांवर ठेवायचा तो विश्वास माझ्या आकड्यावर ठेवला होता, आणि तो आकडा मी केवढा मोठा, केवढा ठळक करून ठेवला होता.

"मी अ‍ॅप बंद करते," मी म्हटलं. "आत्ता, इथेच."

तेव्हा मावशी वळली. "कर," ती म्हणाली. "चूक करावी नि पलावं, सोपं हाय."

"पळत नाही, मावशी. पुन्हा असं झालं तर..."

"तू बंद केलंस म्हंजे पोरी फोन बघायच्या र्‍हातील का? दुसऱ्या कुनाचं तरी बघतील. मुंबैच्या, नायतर पार कुठल्या परदेशच्या. त्याचं चुकलं तर मी कुठं जाऊ? त्याचं घर मला ठाव नाय. तुजं घर ठाव हाय. मी येऊन तुला बोलू शकते." तिचे डोळे भरले होते, आणि ती रागाने ते पुसतही नव्हती. "माजी सून छातीभर पान्यात होती आज. मी हितं बसून फुलं वाहत होते. मला कुनाला तरी बोलायचं हाय. तू गेलीस तर कुनाला बोलू?"

मग ती बोलली. चांगली घटकाभर बोलली, आणि मी ऐकलं. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "उद्यापासनं पंदरा दिस ये. पुस्तकातलं पानी पुरे झालं. डोल्यांनी बग नि लिव."

त्या रात्री मी अ‍ॅपवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की माझ्या चुकीने मोऱ्याची वेळ तीन दिवस चाळीस मिनिटं उशिराची दिसत होती, आता दुरुस्त केली आहे, आणि सात बायकांवर प्रसंग आला. सफाईदार भाषेत लिहायचा मोह होत होता. 'काही तांत्रिक कारणाने' हे शब्द बोटांवर आलेही होते. बारा वर्षं मी तसंच लिहायला शिकले होते. कंपनीत माझ्या हातून अशी एक चूक झाली होती तेव्हा तिला क्रमांक मिळाला, तिच्यावर बैठक झाली, आणि शुक्रवारी ती बंद झाली. ती कुणाला लागली, किती लागली, मला आजपर्यंत माहीत नाही. सुनीताच्या पायाला किती टाके पडले ते मला माहीत आहे.

बऱ्याच जणांनी अ‍ॅप काढून टाकलं. एकाने लिहिलं, घरगुती बायकांनी असले उद्योग करू नयेत. गळवाल्या काकांपैकी एकाने लिहिलं, चूक स्वतःहून सांगितलीत म्हणून ठेवतो. मी दोघांनाही उत्तर दिलं.

आणि पंधरा दिवस मोऱ्याला गेले. ओहोटी रोज पुढे सरकते, त्यामुळे कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला. मावशीने पट्ट्यात एक बांबू रोवला, त्यावर खुणा केल्या, आणि मला वहीत लिहायला बसवलं. अंगठ्याएवढे खेकडे कधी बिळात जातात ते दाखवलं. वारा दर्याकडून असला की पाणी वेळेआधी चढतं हे मी दोनदा स्वतः पाहिलं, आणि कुठल्याच कोष्टकात ते नव्हतं. मी आयुष्यात इतका वेळ एका जागी, काहीही न दाबता, नुसतं बघत बसले नव्हते. निनाद सकाळी स्कूटरवरून बसपर्यंत सोडायचा. "साहेबांना काय कळवायचं?" हे त्याने एकदाही विचारलं नाही, पण स्कूटर मात्र नेहमीपेक्षा हळू चालवायचा. विचारायला वाव राहावा म्हणून असेल.

पत्राला उत्तर द्यायचा दिवस त्याच पंधरवड्यात आला. मी नकार कळवला. यात शौर्य काही नाही. नोकरीतही माझ्या हातून चुका झाल्याच असत्या, फक्त तिथे त्या कुणाच्याच नसत्या. इथे एकटीने काम करते त्याचं सुख एवढंच वाटलं, की माझी चूक माझ्यापाशी बस पकडून येऊ शकते. निनादला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण यापुढे तुझं काम कुणीतरी वाचणार. मला कोड कळत नाही, पण 'दुसऱ्या बाजूने पाहिलंस का' एवढं मी रोज विचारीन." आणि विचारतो. मेल्याने अगदी त्या किरकिऱ्याचा सूर उचलला आहे.

अ‍ॅपमध्ये मी बरंच बदललं. मोठा आकडा लहान केला. वेळ पंधरा मिनिटं अलीकडची सांगायला लावली. पण सगळ्यात मोठा बदल सुनीताचा. पाय बरा झाल्यावर ती म्हणाली, "ताई, आमी खडकावर असतो तवा आमाला भीती नसते. घरी जो बसतो त्याला असते. गुरुवारी सासूबाई उपाशी, जीव टांगणीला. आमी वर आलो हे तिला कळंल असं कर." मग मी सात ठिपके केले. बाई खडकाकडे निघाली की तिचा ठिपका लाल. किनाऱ्याला लागून तिने 'वर आलो' दाबलं की हिरवा. मावशीला वाचता येत नाही, रंग कळतात. सातही जणींना विचारून ते ठिपके मी माझ्याही फोनवर घेतले.

त्यानंतर दुसरी दोन अ‍ॅपं केली. एक बरं चालतं, एक कुणी उघडत नाही. कुरियरं अजून माझ्याकडेच येतात. एखाद्या महिन्यात वाटतं की आपण फार शहाणपणा केला, एखाद्या महिन्यात ऐरोलीच्या त्या थंडगार कॅन्टीनची आठवण येऊन रडू येतं. हे असंच चालायचं, असं मी आता स्वतःला समजावते, आणि अर्ध्या वेळा ते पटतं.

आज या वर्षीचा पहिला गुरुवार. पंचमी, म्हणजे पाणी पावणेदहाला फिरणार. सासूबाईंची पूजा चालू होती, मी फोन देव्हाऱ्याच्या बाजूला उभा करून दूर्वा निवडत होते. साडेनऊपासून ठिपके हिरवे व्हायला लागले. एक, मग दोन एकदम, मग तीन. सहा झाले. सातवा लाल. सातवा सुनीताचा, ती सगळ्या वर आल्याशिवाय येत नाही. पावणेदहा झाले. नऊ पन्नास झाले. दर्याकडून वारा होता आज, मी सकाळीच गच्चीत जाऊन पाहिलं होतं.

फोन वाजला. हिरामावशी. मी उचलला. तिच्याकडे उदबत्तीपुढे कुणीतरी खोकत होतं, आमच्याकडे सासूबाई घंटा शोधत होत्या. आम्ही दोघी तशाच, फोन कानाला लावून, किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"दिसली," मावशी म्हणाली. ती दारात जाऊन उभी राहिली असणार. "येतेय. चालत येतेय."

माझ्यासमोरचा ठिपका लालच होता. मी तसं सांगितलं.

"र्‍हाऊ दे लाल," ती म्हणाली. "भिजलीय ती. आदी हात सुकू देत."

मी हो म्हटलं आणि त्या लाल ठिपक्याकडे बघत, सासूबाई आरतीला हाका मारत असताना, खाली बसून मनसोक्त रडले.